आठवणीतलं घर आणि कागदावरचं घर

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील मंडळ्यांच्या सांगली येथील एकत्र सभेत केलेलं भाषण)



आदिवासी सेवेच्या कामाविषयी बोलावं असं मला सांगण्यात आलं आहे. कामाचा अहवाल छापून तुमच्या हाती दिलेला आहे, तो मी पुन्हा वाचणार नाही. आज मी एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे, ती म्हणजे लहानपणीच्या घराची आठवण. तुम्ही म्हणाल, ही तर भावनेची बाब झाली, हिचा सेवेशी काय संबंध? पण ज्या लोकांमध्ये आपण काम करतो त्यांच्या बाबतीत ही आठवण ग्रामसभेत, तहसील कचेरीत आणि शाळेच्या दारात उभी राहते. तिथे तिचं ऐकलं जातं की नाही, यावर त्यांचं पुढचं सगळं अवलंबून असतं.

आधी माझ्या घराविषयी थोडं सांगते.

माझी पहिली सहा वर्षं समुद्रकाठी गेली. दापोली तालुक्यात, हर्णै बंदराच्या जवळ, वडील शाळेत शिक्षक होते. दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण आणि मागे चार माड. अंगणाच्या टोकाला उभं राहिलं की पाण्यातला सुवर्णदुर्ग दिसायचा. खाऱ्या वाऱ्याने दाराची कडी दर पावसाळ्यात गंजायची आणि आईने वाळत घातलेले कपडे हाताला चिकट लागायचे. ओहोटीला होड्या चिखलात कलंडून पडायच्या. संध्याकाळी बंदरावर माशांचा लिलाव चालायचा. होड्यांतून मासळी आणायला बैलगाड्या थेट पाण्यात जायच्या. बैलांच्या पोटापर्यंत पाणी यायचं, तरी ते बुजायचे नाहीत. मला मात्र गुडघाभर पाण्यातही रडू यायचं.

आमच्या दारावर एक कातकरी बाई यायची. कधी सरपणाची मोळी, कधी कालवं, कधी चिंबोऱ्या घेऊन. आई तिला तांदूळ द्यायची, सणाला जुनं लुगडं द्यायची. चिंबोरीला कसं धरायचं म्हणजे ती नांगी मारत नाही, हे मला तिनेच शिकवलं. ती खाडीकडून यायची आणि खाडीकडे जायची. तिचं घर नेमकं कुठे आहे हे आमच्या आळीत कोणालाच माहीत नव्हतं. तिला नाव होतं, पण पत्ता नव्हता.

पुढे वडिलांची बदली झाली आणि आम्ही मिरजेला, आजोळी आलो. चिपळूणहून एसटी कुंभार्ली घाट चढली, कोयनानगर, पाटण, कराड मागे पडलं आणि समुद्रही मागे राहिला. मिरजेच्या शाळेत पहिले काही महिने मी सगळ्यांना विचारत असे, इथे भरती कधी येते? मुलं हसायची.

तरी माझी आठवण निराधार नव्हती. माझ्या बाप्तिस्म्याची नोंद मंडळीच्या वहीत आहे. तिच्यात जन्मतारीख आहे, आईवडिलांचं नाव आहे, राहण्याचं ठिकाण आहे. वडिलांच्या नोकरीचे कागद आहेत. उद्या कोणी म्हणालं की तू त्या किनाऱ्यावर कधी राहिलीच नाहीस, तर मी कागद पुढे करीन. आपल्यापैकी बहुतेकांचं असंच आहे. आपली आठवण कागदाच्या खांद्यावर बसलेली असते, म्हणून आपल्याला तिची काळजी वाटत नाही.

कोकण आणि आपला हा घाटमाथ्यावरचा मुलूख यांचं नातं जुनं आहे. 1823 च्या सुमारास स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी बाणकोट आणि हर्णै या बंदरांत मराठी शाळा चालवल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. समुद्राकडून माणसं इकडे येतच राहिली आहेत. आजही येतात. फक्त आज जी येतात त्यांच्याकडे आपलं लक्ष सहज जात नाही, कारण ती गावात राहत नाहीत. ती गावाबाहेर माळावर, धुराजवळ राहतात.

मी कातकरी कुटुंबांविषयी बोलते आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलावर निर्बंध आले तसा हा धंदा गेला आणि हाताला मजुरी तेवढी उरली. महाराष्ट्रातल्या तीन जमाती सरकारने अतिशय असुरक्षित म्हणून वेगळ्या नोंदवल्या आहेत: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. कातकऱ्यांची वस्ती मुख्यतः रायगड, ठाणे, पालघर, रत्नागिरी या पट्ट्यात आहे. आपल्या सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातही त्यांच्या वाड्या आहेत. भातकापणी आणि दिवाळी झाली की यातली पुष्कळ कुटुंबं घर सोडतात. काही वीटभट्टीवर जातात, काही कोळसाभट्टीवर. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून ती साताऱ्याच्या बाजूला येतात आणि पुढे माण, आटपाडी, जत अशा कोरड्या तालुक्यांत पोचतात, कारण तिथे वेडी बाभूळ माजलेली असते आणि तिचा कोळसा चांगला होतो.

कोळसाभट्टीचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाभळी तोडायच्या, लाकडं रचायची, त्यावर पालापाचोळा आणि ओल्या मातीचा थर द्यायचा आणि आत विस्तव सोडायचा. लाकूड पेटू द्यायचं नाही, धुमसू द्यायचं. कुठे फट पडून हवा आत गेली तर कोळशाऐवजी राख हाती येते. म्हणून नवराबायको आळीपाळीने रात्रभर जागतात आणि फटी मातीने लिंपत राहतात. या कामासाठी पावसाळ्यातच, घरात धान्य नसताना, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. मे अखेर हिशेब होतो. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे यायचं. उचलीपायी माणसाला काम सोडून जाण्याची मोकळीक राहत नसेल, तर 1976 च्या कायद्याने ती वेठबिगारी ठरते. पण कायदा कचेरीत असतो आणि भट्टी माळावर.

जत तालुक्यातल्या अशाच एका भट्टीवर आमचं जाणं असतं. तिथे रायगडच्या खाडीकाठच्या वाडीतून आलेलं एक कुटुंब होतं. नवरा, बायको, तीन मुलं आणि नवऱ्याची म्हातारी आई. त्यांची नावं मी मुद्दाम सांगत नाही. मधला मुलगा सात वर्षांचा. मी त्याला विचारलं, “तुझं घर कुठं आहे रे?” मला वाटलं, तो पालाच्या खोपीकडे बोट दाखवील. तो म्हणाला, “दर्यावर.” भोवताली नजर जाईल तिथवर करपलेला माळ, आणि मुलगा म्हणतो, दर्यावर.

मग तो सांगू लागला. दाराशी जांभळीचं झाड आहे. तिच्यामागे विहीर आहे, ती आजाने खणली. विहिरीच्या वरच्या अंगाला वाघदेवाचा दगड आहे. त्याच्या पलीकडे मेलेली माणसं पुरतात. खाडीला मोठी भरती आली की पाणी बांधापर्यंत येतं. त्याची आई भट्टीकडे पाठ करून उभी होती. ती म्हणाली, “आमचा घर खाडीच्या अंगाला हाय, ताई. पानी आला का चिंबोऱ्या दाराशी येतात.” आणि थोडं थांबून म्हणाली, “आमी जाव तवा घर असंल का, त्याचा काय सांगावा?”

या प्रश्नामागे कारण होतं. सात-आठ महिने कुडाचं घर बंद राहिलं की एका पावसात भिंत बसते. शेजारच्या वाडीत एक कुटुंब परत आलं तेव्हा त्यांच्या घराच्या जागेवर तारेचं कुंपण पडलं होतं. घर कुठे होतं हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. कागद मात्र कोणाकडेच नव्हता.

बंधुभगिनींनो, आता मुद्द्याची गोष्ट ऐका. त्या सात वर्षांच्या मुलाने मला जे सांगितलं ते गोड बोल म्हणून ऐकून सोडून देण्यासारखं नव्हतं. तो पुरावा होता.

2006 साली वनहक्क कायदा झाला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या किंवा ती कसणाऱ्या आदिवासींना त्या जमिनीचा हक्क मिळावा, हा त्याचा हेतू. कागद नसलेल्या माणसाने हक्क सिद्ध कसा करायचा, याचं उत्तर 2008 च्या नियमांतल्या तेराव्या नियमात आहे. त्यात सरकारी दाखले आणि नोंदी तर आहेतच, पण त्यांच्याबरोबर घर, झोपडी, विहीर, दफनभूमी, देवाची जागा अशा जमिनीवरच्या खुणाही पुरावा म्हणून मोजल्या आहेत. आणि दावा करणाऱ्याखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांनी दिलेली, लिहून घेतलेली जबानीही पुरावा मानली आहे. एकापेक्षा अधिक पुरावे एकत्र पाहून निर्णय व्हावा, असंही तो नियम सांगतो.

म्हणजे म्हाताऱ्या माणसाची आठवण आणि जमिनीवरची विहीर मिळून कायद्यासमोर उभी राहू शकते. अट एवढीच की कोणीतरी ती लिहून घेतली पाहिजे.

सगळीकडे हा कायदा लागू पडत नाही, हेही स्पष्ट सांगते. कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या वनजमिनीवर नाहीत, खासगी मालकाच्या जमिनीवर आहेत. पूर्वी जमीनदाराने कामासाठी माणसं हाताशी हवीत म्हणून बांधाला बसू दिलं आणि दोन-तीन पिढ्या तिथे गेल्या. आता जमिनीला भाव आला तसं ऊठ म्हणतात. तिथे वाट वेगळी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 122 प्रमाणे गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. वाडीची जागा गावठाणात यावी म्हणून ग्रामपंचायतीमार्फत प्रस्ताव करावा लागतो, आणि त्यासाठीही वस्ती किती जुनी, घरं किती, कोण कधीपासून राहतं, हे मांडावंच लागतं. पुन्हा आठवणच, पुन्हा कोणीतरी लिहून घेणं.

15 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने अशा 75 जमातींसाठी पीएम-जनमन ही योजना सुरू केली. तिच्यात पक्क्या घरासाठी 2 लाख 39 हजार रुपये मिळतात. ही चांगली गोष्ट आहे आणि त्याबद्दल आपण देवाची उपकारस्तुती करू. पण घर बांधायला पायाखाली जागा लागते. ज्याच्या नावावर घराएवढीही जागा नाही, त्याच्यासाठी मंजूर घर कागदावरच राहण्याची भीती असते. माझ्यासारखीला आठवणीतलं घर कागदावरही सापडतं. त्यांच्यातल्या काहींचं घर आठवणीत आहे आणि कागदावरही आहे, पण जमिनीवर नाही.

त्या कुटुंबाची वाडी वनजमिनीच्या हद्दीत येते. पावसाळ्यात ते परत गेल्यावर आम्ही तिथल्या कार्यकर्त्यांबरोबर वाडीत गेलो. मुलाने सांगितलेलं सगळं तिथे होतं. जांभळीचं झाड होतं, विहीर होती, दगड होता. म्हातारीला अंगणात बसवलं. इतर घरांच्या दाव्यांसाठी तिची जबानी लिहून घेतली. कोणाचं घर कोणत्या साली बांधलं हे तिला सांगता येत नव्हतं, पण तिच्याजवळ तिचं पंचांग होतं. कोयनेचा मोठा भूकंप झाला तेव्हा कोण कोण वाडीत होतं, तिच्या थोरल्या मुलाच्या जन्माच्या वेळी विहिरीला पाणी लागलं होतं की नाही, असं एकेक ती सांगत गेली. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. तिच्या एका वाक्याने तीन घरांचं वय ठरलं. चार पानं भरली, वाचून दाखवली, दोन ठिकाणी तिने दुरुस्ती सांगितली आणि मग अंगठा दिला.

पुढच्या उन्हाळ्यात ती वारली. त्या वाडीत तिच्या वयाचं आता कोणी उरलेलं नाही. दावे अजून वरच्या समितीकडे आहेत, निकाल लागायचा आहे. तो काय लागेल हे मी सांगू शकत नाही. पण त्या फायलीत तिचा अंगठा आहे. ती चार पानं लिहिली गेली नसती तर विहीर कोणी खणली हे तिच्याबरोबरच मातीआड झालं असतं.

पवित्र शास्त्रात याच विषयावर एक उतारा आहे, आणि उपासनेत आपण तो फारसा वाचत नाही, कारण ती नुसती नावांची यादी आहे. एज्राचा दुसरा अध्याय. बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्या घराण्यांची ही मोजदाद आहे. वाचता वाचता एकोणसाठाव्या वचनाशी थांबा. तिथे अशी काही घराणी येतात ज्यांना आपलं वाडवडिलांचं घराणं कोणतं, आपण इस्राएलातले आहोत की नाही, हे दाखवता आलं नाही. त्यांच्याजवळ पुरावा नव्हता. याजकांच्या काही घराण्यांनी तर वंशावळीच्या नोंदीत आपली नावं शोधली आणि ती सापडली नाहीत. त्यांना तूर्त याजकपण मिळालं नाही. पण एक गोष्ट पाहा. ज्यांना पुरावा देता आला नाही तेही यादीत आहेत. साठाव्या वचनात त्यांची संख्या दिली आहे: 652. लिहिणाऱ्याने त्यांना वाटेत सोडलं नाही. हे आमच्याबरोबर आले, हे इतके आहेत, असं त्याने लिहून ठेवलं. त्यांच्या नोंद नसण्याचीही त्याने नोंद केली.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हा अध्याय शिकले तेव्हा तो मला रुक्ष वाटला होता. आता वाटतं, सेवेचा एक अख्खा धडा त्यात आहे. काही वेळा भुकेल्याला अन्न देणं ही सेवा असते. काही वेळा सेवा म्हणजे वही उघडून बसणं, विचारणं आणि जसं सांगितलं तसं लिहिणं.

आणि हे काम आपल्याला येतं. आपल्या मंडळ्यांमध्ये बाप्तिस्म्याची वही आहे, लग्नाची आहे, मृतांची आहे. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कितीतरी जणांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं गेलं ते याच वह्यांमध्ये. ज्यांना गावात कोणी धड नावाने हाक मारत नव्हतं त्यांची नावं कोणीतरी शाईने, तारखेसह लिहिली. आपण त्या शाईचे वारस आहोत.

म्हणून मी तुमच्यापुढे तीन विनंत्या ठेवते.

पहिली तरुण संघाला. दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातल्या वीटभट्ट्या, कोळसाभट्ट्या आणि ऊसतोडीचे तळ कुठे आहेत ते पाहा आणि तिथल्या मुलांची नावं जवळच्या शाळेत लावायला मदत करा. शिक्षण हक्क कायदा 2009 मुलांच्या बाजूने आहे. कलम 14 प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम 4 प्रमाणे मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात बसवायचं असतं. कलम 5 प्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही. मुख्याध्यापकांशी भांडायला जाऊ नका. नम्रपणे कलम सांगा आणि मुलाचा हात धरून आत न्या. आणि त्याचं गाव विचाराल तेव्हा भट्टीचं नाव लिहू नका. त्याचं घर कुठे आहे ते विचारा आणि ते लिहा.

दुसरी विनंती महिला मंडळाला. तळावर जाल तेव्हा कपडे, खाऊ जरूर न्या, पण म्हाताऱ्या बायांजवळ थोडा वेळ बसा. त्यांना घराविषयी विचारा. एक वही जवळ ठेवा. तारीख, वाडी, तालुका आणि त्या जे सांगतील ते. ही वही म्हणजे कायदेशीर जबानी नव्हे, पण कोणाला काय माहीत आहे हे तिच्यातून कळतं आणि पुढचं काम आमचे कार्यकर्ते त्यांच्या गावी जाऊन करतात. यात कोणतीही अट घालू नका. त्यांचा देव कोणता, हे आपल्या वहीत विचारायचं नाही. वाघदेवाचा दगड त्यांच्या घराची खूण आहे, आणि ती जशीच्या तशी लिहायची.

तिसरी विनंती वर्गणीदारांना. तुमच्या देणगीतला काही भाग प्रवासावर, झेरॉक्सवर आणि तहसील कचेरीच्या खेपांवर खर्च होतो. अहवालात हा खर्च दिसायला कोरडा दिसतो. त्याच्यात मुलाचा हसरा फोटो नाही. पण एकेका दाव्यामागे अशा दहा-दहा खेपा असतात. एवढाच खर्च कमी करा असं कोणी सुचवलं, तर कृपा करून त्या चार पानांची आठवण ठेवा.

प्रभू येशूने नासरेथ सोडलं आणि तो समुद्राजवळच्या कफर्णहूमात येऊन राहिला, असं मत्तय आपल्याला सांगतो. पुढे त्याच प्रभूने म्हटलं की मनुष्याच्या पुत्राला डोकं टेकायला जागा नाही. घर असणं आणि घर नसणं हे दोन्ही त्याने जाणलं आहे. आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी, रात्रभर राबून रिकाम्या हाती आलेल्या माणसांसाठी त्याने काय तयार ठेवलं होतं? योहान एकविसाव्या अध्यायात लिहितो: कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर. तो विस्तव रात्रभर जागून लिंपायचा नव्हता आणि त्याच्यामागे कोणाची उचल नव्हती. थकलेल्या माणसांनी त्याच्याभोवती बसून जेवायचं होतं.

आपल्या माळांवर आज रात्रीही भट्ट्या धुमसत असतील. त्यांच्याजवळ जागणाऱ्यांची नावं प्रभूला ठाऊक आहेत. ती आपल्यालाही ठाऊक व्हावीत आणि आपल्या हातून लिहिली जावीत, एवढी माझी प्रार्थना आहे.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.